काडतूस-चाचणी
रायफलच्या काडतुसातील गोळीचा वेग व अचूकता तपासण्याची रीत. अशा दारूगोळ्याची साठवण व निर्मिती महाराष्ट्रातही होते. धामणगाव रेल्वेहून वर्धा नदी ओलांडली की पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार लागते. तिथून जाणाऱ्या लोहमार्गावर पश्चिमेला, भुसावळजवळच्या वरणगावात, १९६४ पासून रायफलची काडतुसे तयार होतात. खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना, १८६९ सालचा.

इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये लाकडी लंबकावर गोळी झाडून, त्याच्या झोक्यावरून वेग काढला. आता नळीपुढे दोन प्रकाशपडदे ठेवून गोळीला त्यांच्यामधून जायला लागणारा वेळ मोजतात. ते २ मीटर अंतरावर असतील, तर सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी ते अंतर २.५ मिलिसेकंदांत कापते. पडद्यांमधले अंतर २ मिलिमीटरने चुकले तरी वेगात सेकंदाला ०.८ मीटरचा फरक पडतो. म्हणून मांडणी काटेकोर हवी.

सरासरी वेगापेक्षा गोळीगणिक होणारा चढउतार अधिक बोलका असतो. दारूचे वजन, पुंगळीतली जागा, गोळी बसवण्याची खोली यांतली तफावत त्यात उतरते. काडतूस तापले की दारू जलद जळते, दाब व वेग वाढतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात उन्हात राहिलेल्या काडतुसांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. म्हणून काडतुसे आधी ठरावीक तापमानात ठेवतात.

अचूकतेसाठी नळी घट्ट बसवून गोळ्यांचा पुंजका मोजतात. १०० मीटरवर एक कोनीय मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. तीन गोळ्यांचा सुबक पुंजका निव्वळ योगायोगही असू शकतो. दहा किंवा अधिक गोळ्याच खरे चित्र दाखवतात. भारतात परवान्याविना काडतुसे बनवण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये मनाई आहे.