हल क्रमांकाची कुळकथा

शिडाच्या नौकेच्या पिछाडीला जी सपाट फळी असते तिला ट्रान्सम म्हणतात. या फळीवर उजव्या बाजूला, वरच्या कडेपासून दोन इंचांच्या आत, बारा अक्षरे आणि अंक कायमचे उमटवलेले असतात. हा नौकेचा हल क्रमांक. हल म्हणजे नौकेचे धड. नौका कोणी बांधली, केव्हा बांधली आणि कोणत्या वर्षाचे मॉडेल म्हणून विकली, याची माहिती या बारा चिन्हांत असू शकते. एकाच नावाने वर्षानुवर्षे बांधल्या गेलेल्या नौकांच्या आवृत्त्या ओळखायच्या तर सुरुवात येथूनच करावी लागते.

लाकडी नौकांच्या काळात अशा क्रमांकाची निकड नव्हती. प्रत्येक नौका सुटी बांधली जाई आणि तिची ओळख तिच्या नावावर, आराखडाकारावर आणि बांधणाऱ्यावर ठरे. ब्रिटनमध्ये १८७८ पासून निघणाऱ्या लॉइड्सच्या यॉट नोंदवहीत हीच माहिती नौकेच्या नावापुढे छापलेली असे. फायबरग्लास आले आणि हे चित्र पालटले. एकदा साचा तयार झाला की त्यातून एकसारखी शेकडो धडे काढता येऊ लागली. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअरसन बंधूंनी कार्ल अल्बर्ग यांच्या आराखड्यावर बांधलेली ‘ट्रायटन’ मांडली. सुमारे २८ फुटांची, कुटुंबाला मुक्कामी सफर करता येईल अशी ही नौका दहा हजार डॉलरच्या आत मिळत होती. पुढे तिच्या सातशेहून अधिक प्रती बांधल्या गेल्या. कारखान्यात तयार होणाऱ्या नौकांचे युग तिच्या यशाने रुजले.

या युगाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘कॅटॅलिना २२’. फ्रँक बटलर यांनी आपली आधीची ‘कोरोनाडो’ ही कंपनी विकल्यानंतर कॅलिफोर्नियात कॅटॅलिना यॉट्स सुरू केली आणि १९६९ मध्ये ही साडेएकवीस फुटांची नौका बाजारात आणली. गाडीमागे जोडून नेता येणाऱ्या या नौकेच्या पंधरा हजारांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या. नाव तेच राहिले, पण कील म्हणजे तळाखालचा उभा वजनदार पाट, डेक आणि आतली मांडणी बदलत गेली. त्यामुळे जुनी नौका घेणाऱ्याला, सुटे भाग शोधणाऱ्याला आणि शर्यतीची पात्रता तपासणाऱ्याला नुसते नाव अपुरे पडू लागले.

क्रमांकाची सक्ती मात्र सुरक्षिततेच्या चिंतेतून आली. अमेरिकेत १९७१ मध्ये संघीय नौका सुरक्षा कायदा झाला. नौकेत दोष आढळल्यास बांधणाऱ्याने ग्राहकाला कळवावे, हे बंधन त्यात होते. पण हजारो एकसारख्या नौकांपैकी नेमक्या कोणत्या सदोष आहेत, हे ठरवायला प्रत्येकीला स्वतंत्र ओळख हवी होती. तटरक्षक दलाने त्यासाठी नियम केला आणि १ नोव्हेंबर १९७२ पासून हल क्रमांक बंधनकारक झाला.

क्रमांकाची पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची. ती तटरक्षक दल देते. कॅटॅलिनाची अक्षरे ‘सीटीवाय’ अशी आहेत. पुढची पाच चिन्हे नौकेचा अनुक्रम सांगतात. एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांत ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरायला मनाई आहे. शेवटची चार चिन्हे काळाची, आणि वाचणाऱ्याची खरी कसोटी याच चार चिन्हांत लागते.

१९७२ ते १९८४ या काळात काळ लिहिण्याच्या दोन रीती चालत होत्या. पहिली साधी होती : दोन अंक महिन्याचे आणि दोन वर्षाचे. ‘०४७६’ म्हणजे एप्रिल १९७६. दुसरी रीत मॉडेल वर्षाची. मोटारींप्रमाणे नौकांचेही नवे मॉडेल कॅलेंडरचे वर्ष उजाडण्याआधीच विक्रीला येई, म्हणून मॉडेल वर्ष ऑगस्टपासून धरले जाई. या रीतीत आधी ‘एम’ हे अक्षर, मग मॉडेल वर्षाचे दोन अंक आणि शेवटी महिन्याचे अक्षर येई. ‘ए’ म्हणजे ऑगस्ट, ‘बी’ म्हणजे सप्टेंबर, असे करत ‘एल’ म्हणजे जुलै. त्यामुळे ‘एम७६डी’ ही नौका १९७६ चे मॉडेल असली तरी ती नोव्हेंबर १९७५ ची ठरते.

१ ऑगस्ट १९८४ पासून या दोन्ही रीती जाऊन एकच पद्धत आली. तिच्यात महिन्याचे अक्षर आधी येते आणि ‘ए’ म्हणजे जानेवारी. त्यानंतर बांधणीच्या वर्षाचा शेवटचा अंक आणि मग मॉडेल वर्षाचे दोन अंक. ‘एल४८५’ म्हणजे डिसेंबर १९८४ मध्ये बांधलेली, १९८५ चे मॉडेल म्हणून विकलेली नौका. त्याच सुमारास हाच क्रमांक नौकेत दुसऱ्या एका न दिसणाऱ्या जागीही उमटवणे सक्तीचे झाले, म्हणजे चोराने ट्रान्समवरचा क्रमांक खरवडला तरी ओळख पुसली जात नाही.

तिन्ही पद्धती ओळखायला नववे चिन्ह पुरते. तेथे अंक असेल तर महिना-वर्षाची साधी रीत. ‘एम’ असेल तर जुने मॉडेल वर्ष. ‘ए’ ते ‘एल’पैकी अक्षर असेल तर १९८४ नंतरची पद्धत. महिने बाराच असल्याने नव्या पद्धतीत त्या जागी ‘एम’ येऊच शकत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून सक्तीच्या केलेल्या नौका-नियमांत जवळजवळ हीच मांडणी स्वीकारली आणि क्रमांकाच्या आधी देशाची दोन अक्षरे जोडली.

क्रमांकातून काळ कळतो. आवृत्ती ठरवायला मात्र नौकाच पाहावी लागते, कारण मॉडेलचे नाव क्रमांकात घालण्याचे बंधन बांधणाऱ्यावर नाही. कॅटॅलिना २२ मध्ये पहिली खूण कीलची. आधी दोन प्रकार मिळत : स्थिर कील, जिच्यासाठी सुमारे साडेतीन फूट खोल पाणी लागते, आणि विंचने वर-खाली होणारी झुलती कील, जी वर घेतली की सुमारे दोन फूट आणि खाली सोडली की पाच फूट खोल जाते. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया २’ या नौकेने पंखधारी कीलच्या बळावर अमेरिकाज कप ही शर्यत जिंकली आणि उत्पादक अशा कीलकडे वळले. कॅटॅलिना २२ च्या १९८६ मधील ‘न्यू डिझाइन’ आवृत्तीच्या काळात सुमारे अडीच फूट खोलीची पंखधारी कील मिळू लागली. त्यामुळे सत्तरच्या दशकातील क्रमांकाच्या नौकेला अशी कील दिसली, तर ती मागाहून बसवली आहे असे समजावे.

दुसरी खूण रुंदीची. १९९५ च्या ‘मार्क २’मध्ये पाण्याखालचा आकार न बदलता धडाचा वरचा भाग रुंद केला गेला. केबिन ऐसपैस झाली आणि शर्यतीच्या वर्गातले स्थानही टिकले. २००४ ची ‘स्पोर्ट’ आवृत्ती शर्यतींसाठी पुन्हा मूळच्या अरुंद मापांकडे गेली. ‘कॅप्री २२’ हे नाव सारखे वाटले तरी ती याच कंपनीची, गॅरी मल यांच्या आराखड्याची वेगळीच नौका आहे आणि या वंशावळीत बसत नाही.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा : आधी नववे चिन्ह पाहून पद्धत ठरवावी, मग महिना आणि मॉडेल वर्ष काढावे, त्यानंतर कील आणि रुंदी पडताळावी. क्रमांक आणि नौका यांची साक्ष जुळली तर आवृत्ती निश्चित होते. ती जुळली नाही, तर नौकेत कोणता बदल केव्हा झाला, हे मालकाकडच्या कागदपत्रांवरून शोधावे. १९७२ च्या आधीच्या नौकांना हा क्रमांक सक्तीचा नव्हता. त्यांच्याबाबत बांधणाऱ्याची पाटी, विक्रीची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष नौका एवढेच आधार उरतात.