मल्लखांब आणि त्याचे मानकरी

यवतमाळ जिल्ह्याच्या रानांत सागवान विपुल. त्या लाकडाचीं दारें, खिडक्या आणि पलंग आमच्या घरोघर दृष्टीस पडतात. परंतु त्याचा आणखी एक उपयोग आहे, त्याकडे सुशिक्षित कुटुंबांचें लक्ष क्वचितच जातें. आखाड्याच्या मातींत पुरलेला, जमिनीच्या वर सुमारें साडेआठ फूट उंचीचा, खालीं जाड व वर निमुळता होत गेलेला, शेवटीं मान आणि मानेवर बोंड असलेला खांब म्हणजेच मल्लखांब. त्याला एरंडेल चोळतात, त्यामुळें कातडी सोलली जात नाहीं. पण पकडहि सुटते. म्हणून ह्या खांबावर नुसत्या मनगटाच्या जोरावर कोणाचा टिकाव लागत नाहीं. अढी मारावयाची ती मांड्यांनीं व पायांनीं, बगली काखेनें, आणि दसरंगांत तर अंग वेळोवेळीं उलटें होऊन पुन्हां खांबास चिकटावें लागतें.

ह्या विद्येचा पहिला लेखी उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत आढळतो. त्यानंतर कित्येक शतकें तिचें नांव फारसें ऐकूं येत नाहीं. तिला पुन्हां ऊर्जितावस्थेस आणिलें तें दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं. निजामाकडील अली व गुलाब ह्या दोन मल्लांचें आव्हान तरुण बाळंभटांनीं स्वीकारिलें, मुदत मागून घेऊन वणीच्या सप्तशृंगीपाशीं तप केलें, आणि वानराच्या चपळ हालचालींवरून त्यांस मल्लखांबाची स्फूर्ति झाली, अशी परंपरागत कथा आहे. (वणी म्हणतांच आमच्या जिल्ह्यांतील वाचकांची मान ताठ होईल, परंतु ही वणी नाशिककडील. बापूजी अण्यांची वणी ती निराळी, जिच्या नांवानें १९०५ पर्यंत हा सारा जिल्हा इंग्रजी दप्तरांत ‘वूण’ म्हणून ओळखला जाई.) कथेंतील देवीचा दृष्टांत ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं १८१८ नंतर पेशव्याबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली, तेथून काशीस पोंचली आणि शिष्यपरंपरेनें पुन्हां महाराष्ट्रांत व बडोद्यास आली.

ह्या परंपरेंत मान कोणाचा, तर गुरूचा. शिष्यानें कोणती उडी मारिली, किती वेळ सुईदोरा काढिला, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. परंतु तो कोणाचा शिष्य, हें मात्र सर्वांस पाठ. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला, तेव्हां कोठें ह्या विद्येला कागदाचा आधार मिळाला.

वऱ्हाडांत हें काम अमरावतीस झालें. १९१४ सालीं अंबादासपंत व अनंतराव ह्या वैद्य बंधूंनीं तेथें हनुमान आखाडा काढिला. त्याचेंच पुढें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. त्यांनीं आखाड्याची शाळा केली, आणि शाळेंतून शिक्षक तयार केले. पहिलवान एका गांवीं राहतो. शिक्षक मात्र गांवोगांव जातो. यवतमाळ जिल्हा अमरावतीच्या शेजारचा. १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ झालें, तेव्हांपासून ह्या जिल्ह्याचीं महाविद्यालयेंहि त्याच छत्राखालीं आलीं.

१९३६ सालीं ह्या मंडळाचें पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं जर्मनीस गेलें. स्पर्धेंत उतरण्यास नव्हे. मल्लखांब, कबड्डी इत्यादि देशी खेळ जगाला दाखविण्यास. त्याच महिन्याच्या १५ तारखेस ध्यानचंदच्या संघानें हॉकींत जर्मनीस ८-१ असें हरविलें. त्या सामन्याची हकीकत आज शाळेंतील मुलेंहि सांगतात, आणि संघनायकाचें नांव तर कोणी विसरणेंच शक्य नाहीं. खांबावर चढलेल्या वऱ्हाडी तरुणांचीं नांवें मात्र किती जणांच्या ओठांवर आहेत? त्यांस तेथें पदक मिळालें व तें स्वतः हिटलरनें दिलें, असें सांगण्यांत येतें, आणि ही गोष्ट आमच्याकडे मोठ्या अभिमानानें सांगतात. आम्हांस तो अभिमान थोडा टोंचतो. तें राज्य पुढें कशानें माखलें हें जगानें पाहिलें आहे. अभिमान धरावयाचा तो सातासमुद्रांपलीकडे परक्या मातींत खांब पुरून त्यावर चढणाऱ्यांच्या श्रमांचा; पदकाचा नव्हे.

नांवें विसरलीं जाण्याचें कारण केवळ कृतघ्नता नव्हे. ज्या खेळाला गुण नाहींत, त्याला विजेता नाहीं. आणि विजेता नाहीं, तेथें पुरस्कार कोणास द्यावा? मल्लखांब राष्ट्रीय पातळीवर प्रथम दिसला तो १९५८ सालीं दिल्लीच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेंत. त्याची राष्ट्रीय स्पर्धा ग्वाल्हेरीस १९६२ सालीं झाली. तोंपर्यंत अमरावतीचा आखाडा सुरू होऊन जवळजवळ अर्धें शतक लोटलें होतें, आणि तेवढ्या काळांतील सारे खेळाडू हिशेबाबाहेर राहिले. इकडे १९६१ सालींच पहिल्या अर्जुन पुरस्कारांत शामलाल ह्या जिम्नॅस्टचा समावेश झाला होता. अमेरिकेंत तर १९६६ पासून महाविद्यालयीन पुरुष जिम्नॅस्टांसाठीं, ट्रँपोलिनचा जनक जॉर्ज नीसन ह्याच्या नांवानें, खास पुरस्कार दिला जातो. तेथें महाविद्यालय हेंच खेळाचें घर. आपल्याकडे तें घर आखाडा होता, आणि आखाड्यास वार्षिक अहवाल लिहिण्याची संवय नव्हती.

मल्लखांबाला शासकीय मान फार उशिरां मिळाला, आणि तोहि जुन्या रीतीनेंच, म्हणजे आधीं गुरूला. उज्जैनचे योगेश मालवीय ह्यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला २०२० सालीं; खेळाडूस अर्जुन मिळाला तो २०२१ सालीं, हिमानी परब हिला. पुरुषांच्या आखाड्यांत वाढलेल्या ह्या खेळाचा पहिला अर्जुन एका मुलीच्या हातीं यावा, ह्याची बाळंभटांनीं कल्पनाहि केली नसेल. पुढल्या वर्षीं सागर ओव्हाळकर, २०२३ सालीं द्रोणाचार्य म्हणून गणेश देवरुखकर, आणि २०२४ सालीं पद्मश्री होऊन दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, असे मानकरी एकामागून एक झाले. देशपांडे ह्यांच्याच पुढाकारानें २०१९ सालीं मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली होती.

वऱ्हाडाच्या वांट्यास पद्मश्री त्याआधींच आली होती. २०१२ सालीं ती अमरावतीच्या मंडळाचे प्रभाकरराव वैद्य ह्यांस मिळाली. ती मिळाली तेव्हां वैद्य बंधूंच्या आखाड्यास अठ्ठ्याण्णव वर्षें होऊन गेलीं होतीं.