रूट ऑब्जेक्ट

रूट ऑब्जेक्ट : आयपी पत्त्यांचा एखादा गट कोणत्या नेटवर्कातून जाहीर होणार आहे, हे सांगणारी सार्वजनिक नोंद. अशा नोंदी ठेवणारे डेटाबेस जगात अनेक आहेत. त्या सर्वांना मिळून इंटरनेट राउटिंग रजिस्ट्री किंवा आयआरआर म्हणतात.

ही नोंद का लागते, याचे उत्तर बीजीपीच्या रचनेत आहे. इंटरनेट हजारो स्वायत्त नेटवर्कांचे बनलेले असून प्रत्येकाला एएस क्रमांक असतो. आपल्याकडे कोणते पत्ते आहेत हे नेटवर्क बीजीपीवरून शेजाऱ्यांना कळवते आणि शेजारी ते पुढे कळवतात. कळवणारा खरे सांगतो आहे का, हे तपासण्याची सोय मूळ बीजीपीत नाही. शिवाय एकाच पत्त्यासाठी दोन जाहिराती आल्या तर अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची जाहिरात जिंकते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग तयार केला आणि तो देशाबाहेर निसटला. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ हा त्याहून मोठा गट जाहीर करत होते. साहजिकच जगभरची रहदारी पाकिस्तानकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब कोलमडले. चूक पाकिस्तान टेलिकॉमची होती, पण ती जगभर पसरली ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने ग्राहकाची जाहिरात न गाळता पुढे पाठवली म्हणून. गाळायचे तर आधी ठाऊक हवे की या ग्राहकाचे पत्ते कोणते. रूट ऑब्जेक्ट हीच माहिती पुरवतो.

नोंद आरपीएसएल या भाषेत लिहितात. तिचे प्रमाण रूप १९९९ मध्ये आरएफसी २६२२ म्हणून प्रसिद्ध झाले. नोंदीचा मजकूर जेमतेम पाच-सहा ओळींचा असतो. ‘रूट’ या ओळीत पत्त्यांचा गट, उदाहरणार्थ २०३.०.११३.०/२४, ‘ओरिजिन’मध्ये तो जाहीर करणारा एएस क्रमांक, उदाहरणार्थ एएस६४५००, ‘एमएनटी-बाय’मध्ये नोंद बदलण्याचा अधिकार असलेला मेंटेनर, ‘सोर्स’मध्ये डेटाबेसचे नाव. आयपीव्ही६ साठी ‘रूट६’ हा वेगळा प्रकार आहे. गट आणि ओरिजिन यांची जोडी हीच नोंदीची ओळख असल्याने एकाच गटासाठी दोन एएस क्रमांकांच्या दोन नोंदी असू शकतात. आपल्या ग्राहकांचे एएस क्रमांक एकत्र दाखवायचे असतील तर एएस-सेट नावाची यादी करतात.

राउटर ही नोंद स्वतः वाचत नाही. वरचा वाहक, म्हणजे ग्राहकाची रहदारी पुढे नेणारे नेटवर्क, किंवा इंटरनेट एक्स्चेंज बीजीपीक्यू४सारख्या साधनाने नोंदी ओढून त्यांवरून फिल्टर बनवतो आणि ते राउटरवर चढवतो. हे काम ठरावीक अंतराने, अनेक ठिकाणी दिवसातून एकदा होते. म्हणून नोंद आधी आणि जाहिरात नंतर, हा क्रम मोडणाऱ्याला वाट पाहत बसावे लागते. दुसरी अडचण नेमकेपणाची. नोंद /२२ ची आणि गरज पडल्यावर त्यातला एक /२४ जाहीर केला, तर काटेकोर फिल्टर तो टाकून देतात. हा अनुभव बहुधा नेटवर्कवर हल्ला चालू असताना, रहदारी घाईने वळवतानाच येतो. त्यापेक्षा लागतील ते /२४ आधीच नोंदवून ठेवलेले बरे.

नोंद कुठे करायची, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. पत्ते वाटणाऱ्या प्रादेशिक संस्थांचे डेटाबेस, उदाहरणार्थ आशिया-पॅसिफिकसाठी एपनिकचा, पत्ते कोणाला दिले हे मुळातच जाणतात. भारतात हे वाटप निक्सीच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था करते. याउलट मेरिट नेटवर्कने १९९५ पासून चालवलेला राडबी आणि स्वयंसेवकांचा ऑल्टडीबी यांच्याकडे वाटपाचे दप्तर नाही. तिथे वाहकच ग्राहकाच्या वतीने नोंदी घालत आले आणि ग्राहक सोडून गेला तरी त्या तशाच राहिल्या. सातबाऱ्यावरच्या नावाने जशी मालकी सिद्ध होत नाही, तसेच इथेही आहे. युरोपच्या राइप या प्रादेशिक संस्थेने २०१८ मध्ये आपल्या प्रदेशाबाहेरच्या पत्त्यांच्या नोंदी वेगळ्या काढून नव्या घेणे थांबवले, तर अमेरिकेच्या एआरआयएनने २०२२ मध्ये आपला पडताळणी नसलेल्या नोंदींचा संग्रह बंदच केला.

खोट्या नोंदींची काळजी कल्पनेतली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सेलर ब्रिज या क्रिप्टो सेवेवर हल्ला करणाऱ्यांनी ॲमेझॉनच्या पत्त्यांविषयी ऑल्टडीबीत खोट्या नोंदी घातल्या. वरच्या वाहकाचे फिल्टर नोंदींवरूनच बनत असल्याने खोटी जाहिरात बिनदिक्कत पुढे गेली.

आरपीकेआय ही नवी व्यवस्था इथे अधिक भक्कम आहे. तिच्यातील आरओए हे प्रमाणपत्र पत्तेधारकाच्या वतीने डिजिटल सहीने निघते आणि गट किती लहान तुकड्यांपर्यंत जाहीर करता येईल हेही त्यात सांगता येते. मात्र ते फक्त ओरिजिन तपासते. सेलर प्रकरणात ओरिजिन म्हणून ॲमेझॉनचाच क्रमांक पुढे केला होता आणि ॲमेझॉनचे आरओए /२४ पर्यंत मोकळे होते, त्यामुळे तेही आडवे आले नाही. कोणता ग्राहक कोणाच्या मागे आहे हे आरओए सांगत नाही. ते अजून एएस-सेटमधूनच कळते. म्हणून मोठे वाहक आज दोन्ही तपासतात. आयआरआरडी या सर्व्हरची चौथी आवृत्ती तर आरओएशी विसंगत रूट ऑब्जेक्ट लपवू शकते. पत्ते भाड्याने घेणाऱ्याने मुदत संपताना जाहिरात बंद करावी, नोंद काढावी आणि पत्तेधारकाकडून आरओएही रद्द करून घ्यावे. यांतली नोंदच सर्वाधिक वेळा मागे राहते.