ओलीचा हिशेब

संसदेने 1966 साली केलेल्या एका कायद्याच्या नावात विडी आणि सिगार शेजारी शेजारी बसल्या आहेत: बिडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) अधिनियम. दोन्ही तंबाखूच्या, दोन्ही हाताने वळायच्या, म्हणून कायद्याला त्यात वावगं वाटलं नसावं. एरवी या दोघी एका पंगतीला बसत नाहीत. आमच्या घरात मात्र कायद्याच्या आधीपासून दोन्ही नांदत होत्या. आजोबा देवळाली कॅम्पात साहेबांच्या बंगल्यावर बेअरर होते, आणि त्यांची थोरली लेक, म्हणजे माझी आत्या, सिन्नरला विड्या वळायची. गंमत अशी, की ओढणारं घरात कुणीच नव्हतं. सांभाळणारे मात्र दोघे.

आजोबांच्या गोष्टी आम्हाला जेवणं झाल्यावर ऐकायला मिळत. देवळालीची छावणी 1861 पासूनची. विलायतेहून मुंबईला उतरलेले गोरे शिपाई आधी इथे यायचे आणि मग देशभर पांगायचे. परत जाणारेही बोटीची वाट बघत इथेच पडून राहायचे. दुसऱ्या महायुद्धात तर कॅम्प माणसांनी फुगला होता. आजोबा तेव्हा नुकते कामाला लागले होते. साहेबाचे चिरूट त्रिचनापल्लीहून, म्हणजे आताच्या तिरुचिरापल्लीहून, पार्सलने येत. काळपट, सरळ, दोन्ही टोकांना उघडे. क्यूबाच्या सिगारपुढे ते स्वस्त आणि उग्र. पण हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदारांना त्यांची अशी सवय लागली होती, की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत कॉनन डॉयलने त्रिचनापल्लीच्या राखेवरून गुन्हेगाराचा माग काढवला आहे. आजोबांनी होम्स वाचलेला नव्हता, राख मात्र रोज झाडली होती.

चिरूट आणून कपाटात ठेवले की झालं, असं नसतं. तंबाखूचं पान हवेतली ओल शोषतं आणि सोडतंही. हवा कोरडी पडली की वरचं पान तडकतं, चिरूट भराभरा जळतो आणि घशाला लागतो. हवा दमट झाली की त्यावर बुरशी धरते आणि तो नीट पेटत नाही. सिगारचे शौकीन हवेतली ओल 65 ते 70 टक्के आणि तापमान 18 ते 20 अंशांच्या आसपास राखायला सांगतात. त्यासाठी ते स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाची पेटी वापरतात. हा खरा देवदार नव्हे. अमेरिका खंडातलं हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे. त्याचं लाकूड ओल धरून ठेवतं, हळूहळू सोडतं, आणि त्याच्या वासाला किडा बिचकतो. त्याचाच आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे तून. इथे सिगारच्या पेट्या तुनाच्या लाकडाच्या होत असत.

आता नाशिकच्या हवेत 65 टक्के ओल बारा महिने कुठून आणायची? एप्रिल-मेमध्ये दुपारी ओठ फुटतात, आणि जुलैत चपलांना बुरा येतो. आजोबांचा त्यावर इलाज होता. होळी झाली की कौलाचा एक तुकडा पाण्यात रात्रभर भिजवायचा, पुसून कोरडा दिसेल असा करायचा आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवायचा. तो चिरुटांना चिकटू द्यायचा नाही. चार-पाच दिवसांनी तुकडा उचलून बघायचा. हलका लागला तर पुन्हा भिजवायचा. मृग लागला की कौल बाहेर आणि फडक्यात बांधलेला लाकडी कोळसा आत. पाइप ओढणाऱ्यांच्या तंबाखूच्या डब्यांसाठी विलायतेत भाजक्या मातीच्या चकत्या मिळतात, त्यांचं काम हेच, असं मला पुढे कळलं. आजोबांना ही युक्ती कुणी शिकवली, याची उत्तरं दर वेळी वेगळी येत. कधी खानसाम्याने, कधी मेमसाहेबाने, एकदा तर एका मद्रासी सुभेदाराने. माझा अंदाज असा, की ती त्यांना स्वतःलाच सुचली होती, पण बंगल्यावरच्या नोकराने स्वतःला काही सुचलं असं म्हणायची पद्धत नव्हती.

पेटी मसाल्याच्या कपाटाजवळ ठेवायची नाही, हाही त्यांचा दंडक. कारण टोका. तंबाखू पोखरणारा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस, पाठीला पोक आलेला. तो चिरुटाला सुईच्या अग्रासारखी भोकं पाडतो, आणि हळकुंडात, लाल मिरचीत, धन्यातही तितक्याच सुखाने राहतो. तंबाखूचं विष ज्याला बाधत नाही त्याला मिरचीचं काय!

देश स्वतंत्र झाला, आणि आजोबांचे साहेब गोऱ्याचे सावळे झाले. चिरूट हळूहळू संपले, सिगारेटी आल्या. सिगारेटच्या पाकिटाला कौल लागत नाही. आजोबांचं ते कसब तिथेच थांबलं, आणि साधारण त्याच सुमारास आत्याचं लग्न होऊन ती सिन्नरला गेली.

एकाच जिल्ह्यात हवा किती बदलावी! पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाटाच्या आडोशाला पडलेल्या सिन्नरला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. गोंदेश्वराचं देखणं देऊळ यादवांच्या काळी या गावात उभं राहिलं तेव्हा पाऊसपाणी कसं होतं कोण जाणे. आमच्या आठवणीतलं सिन्नर म्हणजे कोरड्या विहिरी आणि टँकरची वाट. आत्या म्हणायची, "सिन्नरची हवाच विडीची. इथं वळलेली विडी सर्दत नाही." हे तिला कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलेलं असणार. मला विचाराल तर हवेपेक्षा दुष्काळाचा हात मोठा. ज्या गावात शेती एका पिकावर आणि तेही नशिबावर, तिथे घरबसल्या हजारी दराने काम करणारे हात स्वस्त मिळतात. पान सिन्नरचं नाही. ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या आणि मध्य प्रदेशच्या जंगलांतलं, ऐन उन्हाळ्यात तोडलेलं तेंदूचं पान. तंबाखूही सिन्नरची नाही. ती निपाणीची, नाहीतर गुजरातेत चरोतरची. सिन्नरचे होते ते फक्त हात.

पान-तंबाखू कारखान्यातून किंवा ठेकेदाराकडून तोलून मिळायची आणि तयार विड्या मोजून परत द्यायच्या. आत्याच्या दोन खोल्यांमध्ये तीन तऱ्हांची हवा लागे. मोरीलगतच्या कोपऱ्यात पान. संध्याकाळी आणलेलं कडक पान ती पाण्यातून काढायची, निथळू द्यायची आणि ओल्या गोणपाटात रात्रभर गुंडाळून ठेवायची. सकाळी गोणपाट सोडलं की पहिलं पान उचलून गालाला लावायची. गार लागलं पण ओलं लागलं नाही, म्हणजे कात्री लावायला तयार. मग पत्र्याचं माप ठेवून कापायचं, शिरा सोलून काढायच्या. कापलेलं पान पुन्हा दमट फडक्यात, कारण सुपात उघडं पडलं की मेच्या वाऱ्याला ते तासाभरात करकरू लागतं. तंबाखू उंचावर फडताळात, घट्ट झाकणाच्या डब्यात. ती ना ओली हवी ना कोरडी. कोरडी झाली तर विडीच्या तोंडातून भुकटी गळते. ओली राहिली तर विडी आतून कुबट होते आणि ओढणाऱ्याला पुन्हा पुन्हा पेटवावी लागते. आणि वळून दोऱ्याने बांधलेल्या विड्या तिसरीकडे, चुलीमागच्या भिंतीला टेकून, पाटीत. त्यांना ओल मुळीच चालायची नाही. कारखान्यात त्या पुढे भट्टीवर शेकल्या जात, पण तिथपर्यंत त्या बुरशीशिवाय पोचवायची जबाबदारी आत्याची.

आम्ही सुट्टीत गेलो की आम्हाला विड्यांची तोंडं मुडपायला बसवायची. मला ते कधी धड जमलं नाही. ती मात्र बोलता बोलता पानात तंबाखूची चिमूट पसरून दोन बोटांवर वळायची, टोक नखाने आत दाबायची, दोऱ्याचे वेढे द्यायची आणि विडी कानाजवळ नेऊन हलकेच फिरवायची. काय ऐकतेस, असं विचारलं तर म्हणाली, "काही ऐकू यायला नको, तेच ऐकते." आवाज झाला म्हणजे पान वाळलेलं, अशी विडी शेकताना तडकणार. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई असं हजारदा करत असेल का? नसेल. पण हात हजारदा करत असे.

यातली मेख अशी, की विडीची मजुरी मोजली जायची ती वळलेल्या नगावर. गोणपाट भिजवणं, रात्री उठून पान उलटंपालटं करणं, पावसाळ्यात पाटी चुलीभोवती फिरवत राहणं, याला दर नव्हता. पान वाळून फाटलं तर विड्या कमी भरत आणि कमी पडलेलं पान बाजारातून पदरच्या पैशाने आणावं लागे. आजोबांचे चिरूट खराब झाले तर साहेब चार शिव्या देऊन दुसरी पेटी मागवी. आत्याचं पान खराब झालं तर त्या आठवड्याचा बाजार जाई. आजोबा हयात असताना ती एकदा त्यांना म्हणाली होती, "दादा, तुमच्या साहेबाच्या एका पेटीला तुम्ही होता. माझ्या पेटीला मीच, आणि पेटीही माझी नाही."

आणि छाट. माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, दाबायचा, वास घ्यायचा, आणि नापसंत विड्या बाजूला टाकायचा. सर्दलेली, सैल, आखूड, सगळी छाट. छाटीची मजुरी नाही, आणि ती विडी परतही मिळायची नाही. पावसाळ्यात छाट वाढायची. एका श्रावणात आत्याची अर्धी पाटी छाटीत गेली; त्या दिवशी ती घरी न येता तडक सरस्वती नदीच्या काठी जाऊन बसली होती, असं तिची जाऊ सांगते. आत्या स्वतः हे कधी बोलली नाही.

मजुरीवरून भांडणं त्या भागाला नवी नव्हती. सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रिय कंपनीने संगमनेर-अकोला तालुका बिडी कामगार युनियनविरुद्ध लढवलेला किमान वेतनाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने सरकारने ठरवलेले दर ग्राह्य धरले. मग 1966 चा कायदा आला. त्याखालच्या राज्याच्या नियमांत छाटीलाही वेसण घातली गेली: साधारणपणे शंभरात पाचांहून जास्त विड्या नाकारायच्या नाहीत. कारखानदार त्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. बहात्तरच्या दुष्काळात आत्याचे यजमान रोजगार हमीवर खडी फोडायला जात आणि आत्या वळलेल्या विड्यांवर रेशन आणी, तोही याच काळातला हिशेब. कागदावरची पाच टक्क्यांची मर्यादा तिच्या पाटीपर्यंत पोचायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. बारीक तंबाखू घरभर उडायची. तो वास आत्याच्या लुगड्याला, गोधड्यांना, पोळ्यांच्या डब्याला होता. तिच्या दोन्ही पोरांना लहानपणी खोकला सुटायचा नाही, आणि वळून वळून तिची बोटं हिवाळ्यात सरळ होत नसत. ज्या विड्या तिने इतक्या जपल्या त्या ओढून कुणाचं काय झालं, याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. सिन्नरच्या पुढच्या पिढीने विडी सोडली याचं मला वाईट वाटत नाही. मुसळगाव, माळेगावच्या वसाहतींत कारखाने आले, आत्याची नात तिथे पगारावर गेली.

मधे एकदा माझ्या मावसभावाने परदेशातून सिगारची पेटी आणली. नाशिकला आता वाइनरीत फिरणाऱ्यांबरोबर हाही शौक आलाय. पेटीत ओल मोजायचा छोटा काटा होता. त्याने तो कौतुकाने आत्याला दाखवला. तिने काट्याकडे बघितलंही नाही. एक सिगार उचलली, दोन बोटांत हलकेच दाबली, कानाजवळ फिरवली आणि म्हणाली, "वाळलीय. झाकण सारखं उघडू नको." काटा 58 दाखवत होता.

आत्याला भविष्य निर्वाह निधी मिळाला तोही छाटीच्याच कृपेने, असं म्हणायला हरकत नाही. विडी उद्योगाला 1977 मध्ये या निधीची योजना लागू झाली, तेव्हा घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, असं कारखानदारांचं म्हणणं होतं. पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. त्याचं एक महत्त्वाचं कारण असं दिलं, की माल नाकारायचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजेच कामावर त्याची देखरेख आणि नियंत्रण आहे. वर्षानुवर्षं जी छाट आत्याची मजुरी कापत होती, तीच ती कामगार असल्याचा पुरावा ठरली. मी हे तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग त्या छाटलेल्यांचे पैसे देणार का?"

ते नाही मिळाले. पेन्शन मिळते. 2014 पासून तिची किमान रक्कम महिन्याला 1,000 रुपये केली आहे. "पूर्वी हजार रोजचे वळायचे," आत्या म्हणते, "आता हजार महिन्याचे येतात." दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला जाते तेव्हा मशीन तिचा अंगठा घेत नाही, रेषा झिजल्यात. मग तिथला मुलगा बोट ओल्या फडक्याने पुसायला सांगतो. ती त्याला म्हणते, फार ओलं नको करू, दमटच ठेव. तेवढ्यावर बहुधा उमटतो.