ब्रेक का किंचाळतात?

मंडळी, आपल्या रहस्यकथांत मोटार कधी नुसती थांबत नाही. ब्रेक करकचतात, दार उघडतं, मग इन्स्पेक्टरसाहेब उतरतात! हा आवाज जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. त्याला गप्प बसवण्याची गोष्ट मात्र तितकीशी गमतीची नाही.

ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फॉर्झहाइमला घेऊन निघाली. सुमारे १०० किलोमीटर! उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे दाद देईनात, तेव्हा तिने वाटेतल्या मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लागलं ते असं. (इंजिनियर नवऱ्याला हे आधी का सुचलं नाही... असो.)

पुढे १९०२ मध्ये इंग्लंडच्या लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. तबकडी धातूची, तिला आवळणारा तुकडा तांब्याचा. धातूवर धातू! मी पडले बी.ए. मराठीची, पण शाळेतल्या कुठल्याही बाईला हे कळेल. फळ्यावर खडू ताठ धरला की तो धरतो-सुटतो, धरतो-सुटतो आणि किंचाळतो. ब्रेकमध्ये हेच सेकंदाला हजारो वेळा होतं. सारंगीची तार गजाने वाजते तीही अशीच, फक्त ती ऐकवते.

यावर उपाय काढला हर्बर्ट फ्रूडने. डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट दाबून गाडी आवरत, ते पाहून याने १८९७ मध्ये ब्रेकचं अस्तर बनवण्याचा उद्योग काढला. त्यातूनच 'फेरोडो' हे नाव आलं. १९०८ च्या सुमारास तो ॲस्बेस्टॉसकडे वळला. जळत नाही, स्वस्त आणि आवाजही कमी. मोटारी एकदाच्या शांत झाल्या.

पण किंमत कोणी दिली? १९२४ मध्ये रॉचडेलला ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत सूत कातणारी नेली केर्शॉ ३३ व्या वर्षी गेली. तिच्या फुप्फुसांत त्याचे कण सापडले. कंपनीने जबाबदारी झटकली. धुळीविरुद्ध ब्रिटनमध्ये नियम आले १९३१ साली, तेही कारखान्यांपुरते. गॅरेजमधली पोरं पुढेही कितीतरी वर्षं ब्रेकमधली धूळ हवेच्या नळीने फुंकून उडवत राहिली. ब्रिटनने पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. पंचाहत्तर वर्षं! मला या हिशेबाचा राग येतो.

ॲस्बेस्टॉस गेलं आणि पोलादाचे तंतू घातलेले पॅड आले. आवाजही पुन्हा आला. गंमत म्हणजे आता तो मुद्दामही घालतात. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजला की ती तबकडीला टेकते आणि बारीक, चिरका सूर निघतो. हा सूर रोज येऊ लागला तर पॅड बदलायची वेळ आली, इतकंच. 'खर्र खर्र' असं जाड घासल्यासारखं ऐकू आलं तर मात्र अस्तर संपलेलं असू शकतं आणि मागचं लोखंड तबकडी खात असतं. तेव्हा गाडी लगेच दाखवायची. रिव्हर्स घेताना पहिल्या ब्रेकला एकच 'टक्' झालं, तर पॅड खाचेत थोडा सरकलेला असतो. आणि पावसाळ्यातल्या सकाळची कुरकुर बहुधा रात्रीत चढलेल्या गंजाची असते, चार ब्रेकांत जाते.

आमच्या घरातली तरुण मंडळी विजेच्या गाड्यांच्या गोष्टी करतात. त्यांच्यासाठी सांगते. त्या गाड्यांत बराचसा वेग मोटरच आवरते, ब्रेक क्वचित लागतात, म्हणून तबकड्यांवर गंज साचत जातो. इंजिनाचा आवाज नसल्याने ती खरखर जास्तच जाणवते.