दिनविशेष, 21 ऑगस्ट : कोशी आणि पेटीचा भाता

फ्रेंच गणिती ऑगस्तँ लुई कोशी यांचा जन्म पॅरिसमध्ये 21 ऑगस्ट 1789 रोजी झाला. सपाट, कडक पृष्ठे कडांवर बिजागऱ्यांनी जोडून केलेला बंद बहिर्वक्र ठोकळा आकार बदलू शकत नाही, हे त्यांनी 1813 साली मांडले. खाचा-खोबणी असलेला ठोकळा मात्र हलू शकतो, हे रॉबर्ट कॉनेली यांनी 1977 साली प्रत्यक्ष घडवून दाखवले. आणि तो हलला तरी आतली जागा तसूभरही कमी-जास्त होत नाही, याची सिद्धता साबितोव्ह, कॉनेली आणि वाल्झ यांनी 1997 साली प्रसिद्ध केली. विलक्षणच निष्कर्ष हा! मग अकलूजच्या लावणी स्पर्धेत ढोलकीला साथ देणाऱ्या पेटीचा भाता वारा भरतो कसा? झडपेखालच्या भोकांमुळे, असे कोणी म्हणेल. पण भोके कडक फळीत असतात; त्यांनी फळीच्या कडा किंवा मापे बदलत नाहीत. खरे कारण घड्यांत आहे. फळी दाबली की कोपऱ्यातले कापड आणि चामडे वाकते, किंचित ताणले जाते, म्हणजे तिथे पृष्ठ कडक उरतच नाही. नुसते पत्रे आणि बिजागऱ्या जोडून कितीही नेमका भाता बांधला, तरी रीडपर्यंत वारा पोहोचणार नाही.