सतराव्या वर्षी गुन्हा करणारा मुलगा तिशीत काय करतो?

“हा पुढे जाऊन मोठा गुंड होणार.” सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मारामारीत किंवा गाडीचोरीत सापडला की बातमीखाली ही कमेंट ठरलेली. बहुतेक वेळा हे भाकीत चुकतं.

बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३१ मध्येच फ्रान्समधल्या खटल्यांची आकडेवारी वयानुसार मांडली होती. गुन्ह्यांचं प्रमाण तरुणपणी झपाट्याने वाढतं आणि नंतर उतरत जातं, हे त्यात स्पष्ट दिसलं. पुढे अनेक देशांत असाच आलेख निघाला. आज चोऱ्या-तोडफोडीचा कळस साधारण सोळा-सतराच्या आसपास येतो, हिंसक गुन्ह्यांचा त्यानंतर थोडा उशिरा. गुन्ह्याची पद्धतही बदलते. पोरं टोळक्याने गुन्हा करतात, बऱ्याचदा मित्रांसमोर भाव खाण्यासाठी. मोठी माणसं जास्त करून एकट्याने.

मग उतार का लागतो? मेंदूचा आवेग आवरणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, हे एक कारण. पण सगळे सारख्याच वेगाने सुधारत नाहीत. यावर सर्वात मोलाची माहिती मिळाली ती अमेरिकेतल्या बॉस्टनमधून.

हार्वर्डचे शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९४० च्या सुमारास सुधारगृहांतली ५०० मुलं निवडली आणि त्यांच्याशी तुलना करायला तशाच गरीब वस्त्यांतली, गुन्ह्यांची नोंद नसलेली ५०० मुलं घेतली. घर, शाळा, आईवडील, शिक्षक सगळ्यांची चौकशी केली आणि बत्तिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. नंतर या फायली हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडल्या. १९८० च्या दशकात जॉन लॉब यांना त्या सापडल्या. रॉबर्ट सॅम्पसन यांच्यासोबत त्यांनी त्या नव्याने अभ्यासल्या आणि सुधारगृहातल्या त्या मुलांच्या पोलीस नोंदी थेट सत्तरीपर्यंत तपासल्या. त्यांतल्या ५२ जणांना म्हातारपणी गाठून मुलाखतीही घेतल्या.

निष्कर्ष असा, की अगदी अट्टल पोरांचेही गुन्हे वयानुसार कमी होत गेले. दारूच्या पायी होणाऱ्या अटका तेवढ्या चाळिशीपर्यंत चिवटपणे टिकल्या. शिवाय कोण सुधारेल हे लहानपणावरून नीट सांगता येत नव्हतं. एकाच गल्लीतली, एकाच सुधारगृहातली दोन मुलं. एकाचा संसार मार्गी लागला, दुसऱ्याचा जन्म तुरुंगात येण्या-जाण्यात गेला. फरक पडला तो मोठेपणी काय हाती लागलं त्याने: टिकणारी नोकरी, लष्करातली भरती आणि त्यातून मिळालेलं प्रशिक्षण, लग्न.

लग्नाचा परिणाम त्यांनी मोजलाही. तोच माणूस विवाहित असतानाच्या काळात त्याने गुन्हा करण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होती. पण “दोनाचे चार हात करा, आपोआप सुधारेल” या आपल्याकडच्या सल्ल्याला हा पुरावा समजू नये. उपयोग झाला तो नवरा-बायकोत जिव्हाळा असलेल्या लग्नांचा. जुनं टोळकं सुटलं, संध्याकाळी घरी वाट बघणारं कुणी आलं, दिवसाला घडी बसली. हेही ध्यानात ठेवायला हवं, की ही सगळी गोरी मुलं होती आणि त्यांच्या तरुणपणी कारखान्यात काम मिळणं आजच्याइतकं अवघड नव्हतं.

तुरुंगवासाचा परिणाम उलटा निघाला. जितका जास्त काळ आत, तितकी पुढे नोकरी टिकणं कठीण. आणि नोकरी नाही म्हणजे सुधारण्याची एक मोठी वाटच बंद.

सगळ्यांना हे पूर्ण पटलेलं नाही. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन गट मांडले. एक, किशोरवयापुरते गुन्हे करणारा मोठा गट. दुसरा, लहानपणापासून मोठेपणापर्यंत तेच करत राहणारा छोटा गट, पुरुषांमध्ये सुमारे पाच टक्के. सॅम्पसन आणि लॉब यांचं म्हणणं, हा छोटा गट मागे वळून पाहताना दिसतो, आधी ओळखता येत नाही.

भारतात हा वाद थेट कायद्यात उतरला आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर वय कमी करण्याची मागणी झाली आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आला. त्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती पाहतं. प्रौढाप्रमाणे खटला चालवावा असं मंडळाला वाटलं, तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं. तिथे तो दोषी ठरला तरी २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला मोठ्यांच्या तुरुंगात टाकता येत नाही. वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवावं लागतं, शिक्षण आणि कौशल्य द्यावं लागतं. सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप किंवा फाशी देता येत नाही.

एकविसाव्या वर्षी शिक्षा उरलेली असेल, तर न्यायालय पुन्हा बघतं, की हा मुलगा बदलला का, समाजाला उपयोगी पडेल का? त्यावरून त्याला सोडायचं की उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात धाडायचं, हे ठरतं. म्हणजे आलेख जिथे उतरायला लागतो, नेमका तिथेच हा निकाल होतो. आधीच्या चार-पाच वर्षांत त्याला खरोखर काही काम शिकवलं गेलं होतं का, यावर त्याचं उत्तर बरंचसं अवलंबून असतं.